नगरांची तिजोरी: बेळगाव-निपाणी सीमाभागातील स्थानिक स्वराज्याचा अर्थव्यवहार



१९२५ सालच्या एप्रिल महिन्यात निपाणीस प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि तिच्यासाठी डॉ. भीमराव आंबेडकर त्या गावी आले, ही गोष्ट आपल्या भागात पुष्कळांच्या कानांवर आहे; परंतु त्याच वर्षी लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकांनी त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील प्रबंध छापला, आणि मध्यवर्ती तिजोरी व प्रांतिक तिजोरी यांच्या नात्याचा इतका सांगोपांग विचार त्यापूर्वी कोणा हिंदी पंडिताने केला नव्हता, ही गोष्ट मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारशी कोणाच्या गावी नाही. त्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी तीन अवस्था दाखवून दिल्या आहेत. १८७१ पासून मध्यवर्ती सरकार प्रांताला एक ठोक रक्कम तोडून देई आणि तीत खर्च भागवावयास सांगे. १८७७ पासून रकमेऐवजी उत्पन्नाच्या काही बाबीच प्रांताकडे नेमून दिल्या गेल्या. आणि १८८२ पासून मोठ्या बाबींचे उत्पन्न दोघांनी वाटून घ्यावे, अशी रीत पडली. ज्याला नुसती रक्कम मिळते तो काटकसर करण्याऐवजी रक्कम वाढवून मागण्यात आपली बुद्धी खर्च करतो, आणि ज्याला उत्पन्नाची बाब मिळते तो त्या बाबीची जोपासना करतो. ठोक रकमेकडून वाटणीकडे झालेल्या त्या वाटचालीतून मला तरी हाच बोध होतो.

आज मी आपल्यापुढे जे मांडणार आहे त्याचे सूत्र येथेच सांगून टाकतो. प्रांतांनी ठोक रकमेपासून स्वतंत्र महसुलापर्यंत मजल मारली. आमच्या नगरांनी त्याच रस्त्याने उलटा प्रवास केला. बेळगाव आणि निपाणी या दोन शहरांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा जमाखर्च पाहिला, तर स्वतःच्या उत्पन्नावर उभी असलेली संस्था क्रमाक्रमाने नेमणुकीवर जगणारी कशी झाली, हे लख्ख दिसते. बेळगाव कोणत्या राज्यात असावे, या प्रश्नास मी हात घालणार नाही. तो प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, आणि त्यावर बोलणाऱ्यांची या शहरात कधीच वाण नव्हती. माझी तक्रार इतकीच की, मुंबईकडे पाहावे की बंगळुरूकडे, या वादात साठ-सत्तर वर्षे गुंतलेल्या आम्हां मंडळींनी आमच्या नगराच्या हाती स्वतःचे म्हणून काय उरले आहे, हे कधी नीट मोजून पाहिले नाही.

मराठेशाहीच्या अमदानीत पेठांवर जकात होती, कसबी लोकांवर मोहतर्फा होता, आणि ही दोन्ही उत्पन्ने सरकारची होती, गावाची नव्हती. कंपनी सरकारने १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यातील शहरजकाती आणि मोहतर्फा रद्द केले, आणि ती खोट भरून काढण्यासाठी मिठावरील कर चढविला. पुढे सहा वर्षांनी, म्हणजे १८५० साली, सव्विसावा कायदा झाला. रहिवाशांनी अर्ज केल्यास त्या गावी म्युनिसिपल कमिटी नेमता यावी आणि तिने गावाच्या कामासाठी कर बसवावा, ही त्यातील तरतूद. मुंबई इलाख्याने या कायद्याचा जितका लाभ घेतला तितका दुसऱ्या कोणत्याही इलाख्याने घेतला नाही, आणि बेळगावची नगरपालिका १८५१ साली, म्हणजे जवळजवळ पहिल्याच पंक्तीत, स्थापन झाली. सरकारने टाकून दिलेली जकात कमिट्यांनी उचलली. घरावरचा कर प्रत्येकाच्या डोळ्यांत खुपतो आणि वाण्याने भावात मिसळून घेतलेली जकात दिसत नाही, एवढा व्यवहार त्या काळच्या पंचांना कळत होता.

ग्रामीण भागाची कथा याहून निराळी, आणि ती आटोपशीर सांगता येण्यासारखी आहे. सारावसुलीच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घ्यावा आणि त्यातील दोन हिस्से रस्त्यांवर व एक हिस्सा शाळांवर खर्चावा, ही मुंबई इलाख्याची रीत १८६९ च्या कायद्याने पक्की झाली. लॉर्ड मेयोच्या १८७० च्या ठरावाने आर्थिक विकेंद्रीकरणाला आरंभ झाला, लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावाने त्याला लोकशिक्षणाचा हेतू जोडला, १८८४ मध्ये लोकल बोर्डांचा कायदा आला, आणि १९०७ साली नेमलेल्या विकेंद्रीकरण कमिशनपुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी, पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद भोगलेल्या माणसाच्या अधिकाराने, साक्ष दिली. या सर्व काळात बोर्डे दुबळी होती, त्यांवर कलेक्टरचा वचक होता, हे सारे कबूल. तथापि साऱ्याच्या रुपयाबरोबर आण्याची आणेवारी ठरलेली होती, आणि ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती.

आता जकात नाक्याकडे वळू. कारण त्याला पाहिलेली पिढी आता मावळत आली आहे. रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू, त्याच्या टोकाला बांधलेला दगड, पत्र्याची चौकी, आत कंदिलाच्या उजेडात पावतीपुस्तक घेऊन बसलेला नाका कारकून, आणि बाहेर गाड्यांची रांग. माल शहरात खपणार असेल तर जकात. शहरातून नुसता पलीकडे जाणार असेल तर रहदारी पास. आणि शहरात येऊन पुन्हा बाहेर गेला तर भरलेल्या जकातीचा परतावा. हा परतावा मिळविताना व्यापाऱ्याचे जोडे झिजत, पासाच्या नावाखाली उतरलेला माल पेठेत विकला जाई, कारकुनाच्या खिशाची गोष्ट तर सर्वतोमुखी होती. आणि गरिबाच्या मीठमिरचीवरही तोच बोजा पडे. अर्थशास्त्राच्या कसोटीवर जकात हा वाईट कर होता, हे मी निःशंकपणे म्हणतो. परंतु या वाईट कराचे एक वैशिष्ट्य असे होते की बेळगावच्या रविवार पेठेतील उलाढाल वाढली की नगरपालिकेची जमा त्याच संध्याकाळी वाढे. दिवसभराची वसुली रात्री कचेरीत येई, दुसऱ्या दिवशी झाडूवाल्यांचा पगार तीतून भागे, आणि पेठेत मंदी आली तर तिची वर्दी नगराध्यक्षाला कोणत्याही अहवालावाचून मिळे. पेठेचे हित आणि पालिकेचे हित यांची अशी गाठ दुसऱ्या कोणत्याही कराने मारली नव्हती.

निपाणीचे उदाहरण याहून बोलके आहे. या गावाची सारी संपत्ती तंबाखूची: वखारी, अडते, जर्द्याच्या चाळण्या, बिडीच्या सुपावर वाकलेल्या बायका, आणि हंगामात गावभर भरून राहिलेला तो उग्र दरवळ, ज्याने परका मनुष्य शिंकत शिंकत गाव सोडतो आणि निपाणीकर मात्र नाक न मुरडता व्यवहार उरकतो. १९४३ साली मध्यवर्ती सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसविला, तेव्हापासून पानाच्या प्रत्येक बोदावर दिल्लीचा हक्क उत्पन्न झाला; वखारींना कुलपे लागली, दफ्तरे ठेवली गेली, परवान्यावाचून माल हलेनासा झाला. १९७९ मध्ये कच्च्या पानावरचा कर उठून तयार मालावर गेला, २०१७ मध्ये बिडीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला. रूपे पालटली, धनी पालटला नाही. बाजार समितीचा सेस बाजार समितीकडे, विक्रीवरील कर राज्याकडे, अबकारी केंद्राकडे. ज्या गावाच्या गटारांतून तंबाखूची धूळ वाहते, जेथील बिडी कामगार स्त्री दम्याने खोकत दवाखान्याच्या पायऱ्या चढते, त्या गावाच्या पालिकेला वखारीच्या भिंतींवर आकारलेला घरफाळा तेवढा मिळतो. १९८१ च्या एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला आणि गोळीबारात माणसे मेली, त्या सबंध प्रकरणात निपाणीच्या नगरपालिकेला करण्यासारखे काहीही नव्हते. गावाच्या जीवनाचा मुख्य धागा तिच्या अखत्यारीबाहेर जाऊन बराच काळ लोटला होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि त्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. राजकीयदृष्ट्या या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. अर्थशास्त्रज्ञाला मात्र ती एखाद्या प्रयोगशाळेसारखी वाटावी. खानापूर आणि चंदगड हे शेजारी तालुके, एकच पाऊस, एकच भात, एकच बोली. एकाच लोकल बोर्डाखाली त्यांनी सात दशके काढलेली. पुढे म्हैसूरने १९५९ चा ग्रामपंचायत व लोकल बोर्ड कायदा करून तालुका विकास मंडळे स्थापिली, जिल्ह्याच्या पातळीवर लोकनियुक्त संस्थेला खरी सत्ता दिली नाही. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीप्रमाणे १९६१ चा कायदा केला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांकडे शाळा, दवाखाने, रस्ते, पाटबंधारे सोपविले. याचा परिणाम आजही साध्या पाटीवर वाचता येतो. चंदगडच्या खेड्यातील शाळेवर जिल्हा परिषदेचे नाव, खानापूरच्या खेड्यातील शाळेवर ‘सरकारी मराठी शाळा’. पहिल्या शाळेचे छप्पर गळू लागले तर पालक कोल्हापूरला आपण निवडून दिलेल्या सदस्याकडे जातो. दुसरीचे गळू लागले तर शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याकडे अर्ज जातो. मात्र महाराष्ट्राच्या जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रकही बव्हंशी सरकारकडून येणाऱ्या शिक्षकांच्या पगाराचेच असते. सदस्याच्या हाती अधिकार आहे, पैसा तेथेही परका आहे.

कर्नाटकाच्या बाबतीत एक गौरवाची नोंद केल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री असताना अब्दुल नझीरसाब या मंत्र्याने १९८३ चा जिल्हा परिषद कायदा तडीस नेला आणि १९८७ च्या आरंभी त्याखाली निवडणुका झाल्या. परिषदेच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा आणि परिषदेचा मुख्य सचिव जिल्हाधिकाऱ्याहून ज्येष्ठ, ही व्यवस्था करण्याचे धैर्य तोपर्यंत कोणी दाखविले नव्हते. कूपनलिकांमुळे लोकांनी नझीरसाबांना नीरसाब म्हटले. जिल्हा परिषदांचा हा प्रयोग अल्पायुषी ठरला.

परंतु त्याच राज्याने १ एप्रिल १९७९ रोजी जकात रद्द केली आणि तिच्या जागी मालाच्या प्रवेशावर राज्याचा कर बसविला. व्यापाऱ्यांनी पेढे वाटले असतील, ट्रकवाल्यांनी तर नक्कीच वाटले असतील. आणि नाक्यावरचा छळ संपला हे चांगलेच झाले. प्रवेशकरातून नगरसंस्थांना भरपाई मिळेल, असे सांगितले गेले, आणि ती मिळूही लागली. परंतु भरपाई म्हणजे ठोक रक्कम. एका आदेशासरशी बेळगाव आणि निपाणी १८७१ सालात जाऊन उभी राहिली. पेठ वाढली तरी पालिकेची जमा वाढेना. जमा वाढविण्याचा मार्ग पेठेतून न जाता सचिवालयाच्या जिन्यावरून जाऊ लागला. सीमेपलीकडच्या मंडळींनी यावर हसू नये. महाराष्ट्राने नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये काढली, महापालिकांवर स्थानिक संस्था कर लादला आणि तोही २०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुतांशी उठविला, आणि मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा करात बुडाली. भरपाईचा कायदा तेथेही झाला, त्यात दरसाल ८ टक्के वाढीची हमी आहे, हे कर्नाटकाहून निश्चित चांगले. तरी ती भरपाईच. ज्या वस्तू व सेवा कर परिषदेत देशभराच्या अप्रत्यक्ष करांचे दर ठरतात तिच्यात केंद्र आहे, राज्ये आहेत; नगरांना आणि गावांना तीत आसन नाही.

मोहतर्फ्याचा आजचा अवतार जो धंदेकर, त्याचीही हीच गत झाली. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाप्रमाणे धंदे व नोकऱ्यांवरील कर राज्यासाठी किंवा स्थानिक संस्थेसाठी बसविता येतो, त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये. महाराष्ट्राने १९७५ मध्ये तो रोजगार हमीसाठी आपल्याकडे घेतला, कर्नाटकाने १९७६ मध्ये. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीचा मालक, तिच्यातला फिटर आणि न्यायालयातील वकील हे तिघेही हा कर भरतात. बेळगाव महापालिकेच्या खजिन्यात त्याचा पैसा पडत नाही.

मग उरले काय? उरला घरफाळा. २००२ पासून कर्नाटकातील नगरांत स्वयं-आकारणीची पद्धत आहे: मुद्रांक खात्याने ठरविलेला जागेचा दर, बांधकामाचा वर्ग, इमारतीचे वय, यांवरून मालकाने स्वतः कर काढावा आणि चलन भरावे, एप्रिलात भरल्यास ५ टक्के सूट, जूननंतर दरमहा २ टक्के दंड. पद्धत उत्तम आहे, निरीक्षकाची मनमानी तिने कमी केली. परंतु ते चलन कोणी शेवटपर्यंत वाचतो का? कराच्या आकड्याखाली उपकर छापलेले असतात: आरोग्य १५ टक्के, ग्रंथालय ६ टक्के, भिक्षुक निवारण ३ टक्के. म्हणजे १,००० रुपये कर असेल तर या तीन बाबींचे २४० रुपये पालिका वसूल करते आणि ते तिचे नसतात. तिने ते त्या त्या खात्यास अगर प्राधिकरणास पोचते करावयाचे असतात. वसुलीची कटकट तिची, लोकांच्या शिव्या तिला, आणि पैसा दुसऱ्याचा. अशा रकमा नगरसंस्था वेळेवर पोचत्या करीत नाहीत, अशी तक्रार राज्याविषयीच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालांत पुनःपुन्हा येते, यात नवल ते काय? ओढाताणीच्या संसारात दुसऱ्याची ठेव आधी खर्ची पडते.

इतके बोलून सारा दोष राजधानीवर टाकणे सोयीचे होईल, परंतु न्यायाचे होणार नाही. सबंध देशात नगरसंस्थांचे एकूण उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का आहे आणि त्यातही मालमत्ता कराचा वाटा पाव टक्क्याहून कमी, याला आपण घरमालकही कारण आहोत. दुमजली बांधून एकमजली दाखविणारे आपणच, दुकानगाळा राहत्या घराच्या दराने मांडणारे आपणच. आणि दर वाढविण्याचा प्रस्ताव सभागृहात आला की मोर्चा काढणारे आणि मोर्च्याच्या भीतीने तो स्थगित ठेवणारे, हे दोघेही आपलेच. स्वीडनमधील नगर आपल्या रहिवाशांच्या आयकरावर स्वतः दर ठरविते आणि निवडणुकीत त्याचा जाब देते. आमचा नगरसेवक आणलेल्या अनुदानाची कमान उभारतो, आणि आपण तीखालून समाधानाने जातो.

१९९३ साली अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात १८ कामांची यादी दिली. त्या यादीशेजारी करांची यादी नाही. कोणता कर द्यावा हे २४३-एक्स कलमाने राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर सोडले, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमावा, असे सांगितले. कर्नाटकात थिमय्या, सुरेंद्रनाथ, कोडगी, चिन्नस्वामी आणि नारायणस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली असे आयोग झाले. त्यांचे अहवाल अभ्यासपूर्ण आहेत. परंतु त्या अनुदानाचा प्रवाह पालिकेपर्यंत येईतो त्यातून पगार वजा होतात, रस्त्यावरील दिव्यांची आणि पाणी उपसण्याच्या पंपांची वीजबिले परस्पर वळती होतात, कर्जाचे हप्ते कापले जातात. आणि जे हाती पडते ते बहुधा कोणत्या कामावर खर्चावे हे वरूनच लिहून येते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी स्थानिक संस्थांना ४,३६,३६१ कोटी रुपये सुचविले, ही रक्कम दडपून टाकणारी आहे. तिचाही मोठा भाग पाणी व स्वच्छता यांनाच बांधलेला आहे. भाजी कोणती आणायची, किती आणायची आणि कोणाकडून आणायची हे सांगून कर्त्या मुलाच्या हाती पैसे द्यावेत, आणि मग हा घर चालवायला शिकत नाही म्हणून त्याला बोल लावावा, तशातली ही गोष्ट.

परावलंबनाचा राजकीय परिणाम या बेळगाव शहराने जितका अनुभवला तितका क्वचितच दुसऱ्या कोणी अनुभवला असेल. २००५ मध्ये महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या ठरावानंतर महापालिका बरखास्त झाली. २०११ मध्ये पुन्हा झाली. आणि २०१९ मध्ये मुदत संपल्यावर निवडणूक झाली ती २०२१ च्या सप्टेंबरात. तो ठराव शहाणपणाचा होता की नव्हता, यावर मतभेद असोत. मला दिसते ते एवढेच की प्रशासक बसला त्या दिवशी रस्त्यावरचे दिवे विझले नाहीत आणि पगारही थांबला नाही, कारण पैसा मुळी सभागृहातून येतच नव्हता. जे सभागृह नसले तरी कारभार अडत नाही, त्याच्या बरखास्तीचे दुःख सामान्य माणसाला होत नाही. कर्नाटकातील जिल्हा व तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली, पुढे निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या, आणि त्यासाठी एकही मोर्चा निघाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता कर्जाविषयी, कारण संस्थेची खरी पत कर्जाच्या वेळी कळते. स्थानिक संस्थांच्या कर्जांचा १९१४ चा कायदा अजून जिवंत आहे, आणि सरकारच्या पूर्वमंजुरीवाचून पालिकेने कर्ज काढू नये, हे तत्त्व त्याहूनही जुने. हे बंधन अनाठायी नाही. बुडालेल्या पालिकेचे ओझे शेवटी राज्यावरच येते. परंतु सावकार प्रथम विचारतो, तारण काय? १९९८ मध्ये अहमदाबाद महापालिकेने राज्याच्या हमीवाचून १०० कोटींचे रोखे काढले, तेव्हा तिने जकातीची वसुली तारण ठेवली होती. १९९९ मध्ये नाशिकने त्याच वाटेने १०० कोटी उभे केले. पुण्याने २०१७ मध्ये पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे विकले, ते मालमत्ता कराच्या भरभक्कम वसुलीच्या बळावर. बेळगावने काय तारण ठेवावे? २०११ च्या खानेसुमारीत ४ लाख ८८ हजार वस्तीचे हे शहर, त्याचा एक भाग छावणी मंडळाखाली, नव्या वसाहती विकास प्राधिकरणाखाली. आणि निपाणी तर अवघी ६३ हजारांची. कर्नाटकाने २००५ मध्ये बंगळुरूभोवतीच्या लहान नगरांची मोट बांधून १०० कोटींचे सामाईक रोखे काढले, हा मार्ग निपाणी, चिक्कोडी, गोकाक यांसारख्या गावांना उपयोगी पडण्याजोगा होता. तो या बाजूस आला नाही.

बेळगावसाठी कर्ज निघाले ते दुसऱ्याच्या नावे. जागतिक बँकेचे कर्ज भारत सरकारला, तेथून राज्याला, तेथून राज्याच्या नागरी पायाभूत सुविधा महामंडळाला. आणि त्यातून २००८ मध्ये शहराच्या दहा प्रभागांत चोवीस तास पाणी आले. येथे मला माझ्याच सूत्राविरुद्ध साक्ष दिली पाहिजे. ते पाणी खरोखर आले. ज्या शहरात राकसकोपचा जलाशय उन्हाळ्यात आटत आला की आठवड्यातून एकदा नळ सुटत असे, तेथे मध्यरात्री तोटी फिरविली तरी धार लागावी, हे स्थानिक संस्थेने आपल्या बळावर केले नव्हते. दुरून आलेल्या कर्जाने आणि परकीय कंपनीच्या व्यवस्थेने केले. मात्र दहा प्रभाग झाले आणि उरलेले शहर थांबले. पुढचे कर्ज बँकेने मंजूर केले ते २०१६ मध्ये. दहा प्रभागांत यशस्वी झालेली योजना अठ्ठेचाळीस प्रभागांत न्यावी, हा निर्णय जर शहराच्या हाती आणि शहराच्या खिशात असता, तर आठ वर्षे नुसती वाट पाहण्यात गेली असती, असे मला वाटत नाही.

२०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटींच्या पहिल्या वीस नावांत बेळगाव आले. केंद्राचे ५०० कोटी आणि तितकाच जोड-हिस्सा, हे धन महापालिकेऐवजी एका कंपनीकडे आले. रस्ते, चौक, बागा तिने बांधल्या. बांधले चांगले की वाईट, हे ज्याने त्याने आपल्या रस्त्यावर पाहावे. पण कंपनी संपल्यावर त्यांची देखभाल महापालिकेच्याच गळ्यात पडणार, आणि त्यासाठी नवा कर कोणी दिला नाही. शेजारच्या कोल्हापुराने याहून कडू घोट घेतला. सुमारे ५० किलोमीटर रस्ते खाजगी ठेकेदाराने बांधावेत आणि टोलने वसूल करावेत, असा करार झाला. टोलविरुद्ध शहर रस्त्यावर उतरले, आणि शेवटी टोल रद्द होऊन ठेकेदाराचे पैसे राज्याला भागवावे लागले. पालिकेने कर्ज काढले नव्हते, असे कागद म्हणतो. नागरिकांच्या लेखी ते कर्जच होते, आणि त्यांना न विचारता काढलेले होते.

आक्षेप घेतला जाईल की प्रत्येक गावाने आपल्याच उत्पन्नावर जगावे म्हटले तर बेळगाव जगेल, खानापूरचे जंगलातले गाव मरेल. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच अनुदान नाहीसे करा, असे मी म्हणत नाही. गरीब गावासाठी अनुदान हवेच, भरपूर हवे, आणि ते कोणाच्या मर्जीवर नको. परंतु ज्या शहरात पेठ आहे, उद्योग आहेत, शाळा-महाविद्यालयांची गर्दी आहे, त्याला अनुदानाची सवय लावणे म्हणजे त्याचे हात बांधणे होय. धंदेकराचा ठरावीक भाग ज्या नगरात तो जमतो तेथे राहिला पाहिजे. राज्याच्या वस्तू व सेवा कराच्या हिश्शातून नगरांना कायद्याने ठरलेला वाटा मिळाला पाहिजे. आणि निपाणीच्या तंबाखूतून निघणाऱ्या कराचा काही अंश निपाणीच्या गटारांवर आणि दवाखान्यावर खर्च व्हावा, ही मागणी कोणत्याही राज्यात राहून करता येते. ती कन्नडभाषकाने करावी, मराठीभाषकाने करावी, दोघांनी एका निवेदनावर सह्या करून करावी. घरफाळ्याच्या चलनावर भाषा बदलली तरी उपकर तोच राहतो.

दर वर्षी अंदाजपत्रकाच्या आधी महापालिका नागरिकांच्या सूचना ऐकण्यासाठी बैठक बोलावते. तिला व्यापारी संघांचे काही प्रतिनिधी, दोन-चार निवृत्त गृहस्थ आणि वार्ताहर यांपलीकडे सहसा कोणी फिरकत नाही. माझी आपणांस विनंती आहे की येत्या बैठकीला आपण जावे, जाताना आपले घरफाळ्याचे चलन बरोबर न्यावे, आणि महापौरांना व आयुक्तांना विचारावे: या वर्षाच्या जमेत आपल्या शहराने स्वतः मिळविलेला रुपया किती, आपल्या नावावर कर्ज किती, आणि ते कोणी, कोणत्या अटींवर काढले. उत्तर लेखी मागावे.